पारच्या शिवकालीन पुलाला चुनाच हवा

महोदय,

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यात प्रतापगडाचेही नाव आले, याचा आनंद महाड-पोलादपूरच्या आम्हा रहिवाशांना साताऱ्याच्या लोकांइतकाच झाला. गडावर येणाऱ्यांची संख्या आता वाढेल, वाहनतळ आणि रस्ता यांच्या मागण्या होतील, आणि त्या योग्यही आहेत. परंतु गडाच्या पायथ्याशी पार गावाजवळ कोयना नदीवर जो जुना दगडी पूल उभा आहे, त्याच्याबद्दल या निमित्ताने झालेल्या चर्चेत मला फारसे वाचायला मिळाले नाही. शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा हा पूल आजही रहदारीच्या वापरात आहे. तटबंदी पाहायला माणसे लांबून येतात, मात्र साडेतीनशे वर्षे माणसांना नदीपार नेणाऱ्या या बांधकामावरून गाडी न थांबवता पुढे जातात. या पुलाचे जतन कसे व्हावे, आणि कसे होऊ नये, याबद्दल एक निवृत्त स्थापत्य अभियंता म्हणून मला काही निश्चित सांगायचे आहे.

पारचे नाव इतिहासात अफझलखानाच्या छावणीमुळे येते. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली जी भेट झाली, तिच्या आधी खानाचा तळ याच गावात पडला होता. पण त्याहूनही जुनी ओळख पारघाटाची आहे. सावित्रीकाठचे महाड हे पूर्वी बंदर होते आणि तेथून बैलांच्या पाठीवर लादलेला माल पारघाटाने वर चढून वाईकडे जात असे. इंग्रजांनी पुढे फिट्झगेराल्ड घाट, म्हणजे आजचा आंबेनळी घाट, काढला आणि जुन्या वाटेचे महत्त्व ओसरले. घाटवाट ओसरली तरी पूल मात्र कामात राहिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना खोरे हादरवणारा भूकंप झाला, त्यातून तो उभा राहिला. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटला आणि आमच्या महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेले; तोही पावसाळा या पुलाने काढला. एवढे सोसलेल्या बांधकामाला आता काही होणार नाही, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. दगडी पूल शेकडो वर्षे टिकतो हे खरे आहे, पण त्याची पडझड सुरू झाली की ती बाहेरून उशिरा दिसते, हेही तितकेच खरे आहे.

हे मी महाडचा माणूस म्हणून लिहितो. जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. त्यांतली कोयना पारवरून दक्षिणेकडे जाते आणि सावित्री पश्चिमेकडे उतरून आमच्या गावाजवळून समुद्राकडे जाते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच सावित्रीवरचा १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या व अन्य वाहने त्यांतल्या माणसांसह वाहून गेली. दुसऱ्या दिवशी नदीकाठी उभे असलेले नातेवाईक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना जुन्या पुलाविषयी बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ रोजी वाहतुकीला खुला झाला. ते काम निःसंशय मोठे होते, आणि आम्ही महाडकर रोज त्याचा लाभ घेतो.

मात्र त्या दुर्घटनेतून आपण जो धडा घेतला, तो मला अपुरा वाटतो. त्यानंतर ब्रिटिशकालीन आणि त्याआधीच्या पुलांकडे पाहण्याची सर्वसाधारण दृष्टी भीतीची झाली. जुना पूल दिसला की तो 'धोकादायक' असल्याची पाटी लावायची, शक्य झाले तर पाडायचा, आणि पाडता येत नसेल तर त्याला सिमेंटचा लेप द्यायचा, एवढेच पर्याय कार्यालयांच्या डोळ्यांसमोर असतात. पूल जुना होता म्हणून पडला, हे कारण सोयीचे आहे, कारण त्यात कोणाला काही करायचे उरत नाही. वास्तविक दगडी कमानीचे पूल वयाने पडत नाहीत. ते पायाखालची माती गेल्याने पडतात, पोटात पाणी साचल्याने फुगतात, मुळांनी फाटतात आणि ज्या ओझ्यासाठी बांधले नव्हते त्या ओझ्याखाली थकतात. या चारही गोष्टी तपासता येतात आणि वेळेवर कळल्या तर त्यांवर उपायही करता येतो.

कमानीचे बळ कशात आहे हे थोडक्यात सांगतो, कारण दुरुस्तीच्या चुका तेथूनच सुरू होतात. कमानीतला प्रत्येक घडीव दगड पाचरीसारखा असतो. तो खाली पडू पाहतो आणि पडता पडता शेजारच्या दगडाला दाबतो. सगळे दगड असे एकमेकांना दाबून धरतात आणि माथ्यावरचा चावीचा दगड बसला की कमान स्वतःला तोलू लागते. तिच्यात ताण जवळजवळ नसतो, सगळा दाबच असतो, आणि आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण दाब सोसण्यात कुठेही कमी पडत नाही. मात्र त्यासाठी कमानीचे दोन्ही पाय जागच्या जागी राहायला हवेत. पाय बोटभर सरकला तर कमान सरकलेल्या जागेशी जुळवून घेते, थोडी उघडते, पुन्हा बसते. ही जुळवून घेण्याची मुभा तिला दगडांमधल्या चुन्याने मिळते. चुना सिमेंटच्या तुलनेत मऊ असतो, थोडा वाकतो, आणि बारीक भेग पडली तर पावसाच्या पाण्याने विरघळलेला चुना पुन्हा तेथेच साचून ती भेग काही अंशी भरून काढतो.

येथे मला माझ्या नोकरीतली एक चूक सांगितली पाहिजे. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी कोकणातल्या एका लहान रस्त्यावर दोन कमानींची जुनी दगडी मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जाऊ देणारा लहान पूल, होती. तिच्या दरजांतला, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतला, चुना ठिकठिकाणी गळून गेला होता. मी तरुण होतो, सिमेंट मजबूत असते एवढेच मला शिकवले गेले होते, आणि मी माझ्या देखरेखीखाली सगळ्या दरजा सिमेंटने भरून घेतल्या. काम पाहून वरिष्ठ समाधानी झाले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्या मोरीच्या बाजूच्या भिंतीला पोट आले. आतल्या भरावात मुरलेले पाणी पूर्वी चुन्याच्या दरजांतून हळूहळू बाहेर झिरपत असे. मी ती वाट बंद केली होती, म्हणून ते आतून भिंतीला ढकलत राहिले. सिमेंटच्या रेघा मात्र जशाच्या तशा होत्या. त्यांना चिकटलेले दगडाचे पापुद्रे सोबत घेऊन त्या पुढे निघू लागल्या. शेवटी ती मोरी पाडावी लागली आणि तिच्या जागी काँक्रीटचे नळ बसले. त्यानंतर एका वयस्क गवंड्याने मला चुन्याचे काम समजावून सांगितले, तेव्हा मला कळले की मी ज्याला दुरुस्ती म्हणत होतो तिनेच त्या बांधकामाचा शेवट केला होता.

म्हणून पारच्या पुलाबाबत माझी पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी आहे की, त्याच्या दरजांत, कठड्यांत किंवा कमानीच्या पोटात सिमेंटचा वापर करू नये. आणि पूर्वी कोणी कुठे केला असेल, तर तो जुन्या दगडाला धक्का न लावता हातोडी-छिन्नीने काढून त्या जागी चुना भरावा. चुन्याचे काम आज करता येत नाही, असे सांगितले जाते. ते खरे नाही. कळीचा चुना पाण्यात विरवून पुरेसे दिवस मुरू द्यायचा, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, मिसळून चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या गिरणीत, मळायचा, त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर घालायचा, ही रीत गडकिल्ल्यांच्या आणि देवळांच्या कामांत आजही वापरली जाते. हिरडा तर महाबळेश्वरच्या रानातला. अडचण साहित्याची नसून वेळेची आहे. सिमेंटचे काम मार्चअखेरीच्या आत उरकता येते. चुन्याला सावकाश वाळू द्यावे लागते, उन्हात ओल्या गोणपाटाने झाकावे लागते, आणि पावसाळ्यापूर्वी पुरेसा घट्ट होईल अशा बेताने ते दिवाळीनंतर लगेच सुरू करावे लागते. वर्षअखेरीस निधी संपवण्याच्या घाईत या पुलाचे काम निघाले, तर त्याचे भले होणार नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

दुसरी गोष्ट पायाची. पुलाच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने पाणी कापणारी टोके आहेत. बांधणाऱ्याला कोयनेचा पावसाळी वेग ठाऊक होता, हे त्यांवरून समजते. पण पाणी दुभंगले तरी खांबाच्या कडेने ते भोवऱ्यासारखे खाली वळते आणि तळाची वाळू-गोटे खरवडून नेते. पूर ओसरताना तोच खड्डा गाळाने पुन्हा भरतो, त्यामुळे नंतर पाहणाऱ्याला सारे जागच्या जागी दिसते. जगभर पूल पडण्याच्या प्रमुख कारणांत या खरवडीचा क्रमांक फार वरचा आहे. पुलावर उभे राहून, कठड्यावरून वाकून केलेल्या पाहणीत ती दिसत नाही. पारला मात्र निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. कोयना तेथे उगमाच्या जवळ आहे, उन्हाळ्यात तिचे पाणी अगदी कमी होते आणि पात्रात उतरून प्रत्येक खांबाच्या तळाशी हात लावून पाहता येते. गाळ बाजूला करून पाया कोठे टेकला आहे, खालचा खडक झिजला आहे का, तळचे दगड सुटले आहेत का, हे मोजून नकाशावर उतरवायला फार मोठा खर्च लागत नाही. नदीपात्रातून दगड-वाळू काढण्याचे काम पुलाच्या वर किंवा खाली कोणी करत असेल, तर ते कायमचे थांबवले पाहिजे, कारण पात्र खाली गेले की पाया उघडा पडतो.

झाडांबद्दल एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. जुन्या पुलांच्या दरजांतून पिंपळ आणि उंबर उगवतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. उत्साही तरुण मंडळे श्रमदानाला जातात तेव्हा प्रथम ही रोपे उपटतात. त्यांची भावना मी मनापासून मानतो, परंतु मनगटाएवढे मूळ ओढून काढले तर त्याने धरून ठेवलेला दगडही सोबत येतो. रोप बुंध्याशी कापावे, मूळ जागेवरच मारावे, ते सुकू द्यावे आणि नंतर त्या पोकळीत चुन्याचा पातळ रस भरावा. श्रमदानासाठी याहून चांगले काम पुलाच्या माथ्यावर आहे: पाणी वाहून जाण्याच्या वाटा साफ ठेवणे. पावसाचे पाणी पुलावर साचले नाही तर ते भरावात मुरणार नाही, आणि पाण्याने जड झालेल्या भरावाचा बाजूच्या भिंतींवर पडणारा रेटाही कमी राहील.

आता ओझ्याविषयी. बैल, घोडे आणि पालख्या यांच्यासाठी बांधलेला पूल मोटारींना तोलतो, यात त्याच्या मूळ बांधणीचे श्रेय आहे, आणि हलक्या वाहनांनी त्याला लगेच इजा होईल असे मला वाटत नाही. पण भरलेला डंपर, मोठी पर्यटक बस किंवा रस्त्याच्या कामावरचा रोलर ही वेगळी गोष्ट आहे. त्यांचे चाक जेथे टेकते तेथे भार एकवटतो आणि कमानीच्या कडेचे दगड हळूहळू सैल होतात. त्यात डांबरीकरणाची भर पडते. जुना थर न काढता दर काही वर्षांनी नवा थर टाकण्याची आपल्याकडची पद्धत पुलावर वापरली, तर विनाकारण कित्येक टन वजन कायमचे त्याच्या डोक्यावर बसते आणि कठड्याची उंचीही तेवढी कमी होते. जागतिक वारसा यादीमुळे वाढणारी रहदारी लक्षात घेता, जड वाहनांसाठी पुलापासून पुरेशा अंतरावर, त्याचे दर्शन न झाकणारा दुसरा पूल बांधावा आणि तोवर वजनाची मर्यादा ठरवून दोन्ही टोकांना ती पाळली जाईल अशी व्यवस्था करावी. नुसत्या पाटीने डंपर थांबत नाही. उंच वाहन आत येऊच शकणार नाही अशी लोखंडी चौकट उभारावी लागते. त्या चौकटीमुळे रुग्णवाहिका अडणार नाही, हे आधी मोजून घ्यावे.

गावकऱ्यांचे येथे एक रास्त म्हणणे असते. जतन म्हटले की रस्ता बंद होईल, शेतात जायला फेरा पडेल, घराची दुरुस्ती करायलाही परवानगी मागावी लागेल, ही भीती त्यांच्या मनात असते, आणि अन्य ठिकाणचे अनुभव पाहता ती निराधार नाही. माझे मत असे आहे की या पुलावरून चालणे, सायकल, दुचाकी आणि हलकी वाहने चालू राहावीत. वापरात असलेल्या पुलावर लोकांची रोजची नजर असते. दगड हलला तर संध्याकाळपर्यंत गावात कळते. कुंपण घालून बाजूला ठेवलेल्या बांधकामावर दोन वर्षांत झुडपे वाढतात. त्यामुळे आराखडा तयार होईल तेव्हा तो प्रथम पारच्या ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावा, आणि दुसरा पूल कोठे घ्यायचा हे त्यांच्या संमतीने ठरवावे.

माझ्या पिढीच्या अभियंत्यांना दगडी पूल पुन्हा पहिल्यासारखा उभा करता येतो यावर विश्वास नसतो, म्हणून इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील टॅडकास्टर या लहान गावाचे उदाहरण देतो. तेथे व्हार्फ नदीवर सुमारे १७०० सालचा दगडी कमानींचा पूल आहे. डिसेंबर २०१५ च्या पुरात, २६ तारखेला तो खबरदारी म्हणून बंद करण्यात आला आणि तीन दिवसांनी, २९ डिसेंबरला, त्याचा एक भाग लोकांच्या डोळ्यांदेखत कोसळला. कोणाचाही जीव गेला नाही. गावाचे दोन तुकडे झाले. शाळा, दुकाने, दवाखाना यांसाठी लोकांना लांबचा वळसा पडू लागला, म्हणून पायी जाणाऱ्यांसाठी तात्पुरता पूल उभारला गेला आणि दरम्यान जुना पूल दगडातच पुन्हा बांधून ३ फेब्रुवारी २०१७ रोजी खुला करण्यात आला. आमचा सावित्रीचा पूल याच काळात, त्यांच्या नंतर सात महिन्यांनी पडला. दोन्हीकडे जुना दगड होता, दोन्हीकडे पूर होता. तेथे पाणी वाढताच रहदारी थांबवली गेली होती आणि आमच्याकडे त्या रात्री गाड्या पुलावर जात होत्या. हा फरक दगडाच्या वयाचा नाही.

पारच्या पुलाबाबत आणखी एक प्रश्न सोडवल्याखेरीज वरचे काहीच होणार नाही, आणि तो जबाबदारीचा आहे. अशा पुलावरचा रस्ता एका खात्याचा असतो, त्याच्या पुरातन मूल्याची काळजी दुसऱ्या खात्याने घ्यायची असते, खालची नदी तिसऱ्याकडे, आजूबाजूचे जंगल चौथ्याकडे आणि दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे. रस्त्याचे खाते म्हणते की हे स्मारक आहे, आम्ही हात कसा लावणार. स्मारकांची काळजी घेणारे म्हणतात की यावरून वाहने जातात, तो रस्ताच आहे. माझ्या नोकरीच्या काळात अशा पत्रव्यवहाराच्या जाड फायली मी पाहिल्या आहेत, आणि फाईल फिरत असताना झाडाचे मूळ थांबून राहत नाही. साताऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी या एका पुलासाठी एक जबाबदार अधिकारी नेमून त्याचे पद जाहीर करावे, त्याच्यासोबत दगडी बांधकाम जाणणारा जतनतज्ज्ञ आणि चुन्याचे काम प्रत्यक्ष केलेला गवंडी असावा, आणि निविदेत सर्वांत कमी दराऐवजी या कामाचा अनुभव ही पहिली अट असावी. परिसरातल्या पाथरवट आणि गवंडी कुटुंबांतील तरुणांना या कामावर शिकाऊ म्हणून घेतले, तर पुढच्या दुरुस्तीला बाहेरून माणसे आणावी लागणार नाहीत.

यातले बरेचसे काम पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षे लागतील, हे मला कळते. पण येत्या पावसाळ्यापूर्वी करण्यासारख्या काही गोष्टी आहेत आणि त्यांना मोठ्या मंजुरीची गरज नाही. एप्रिल-मे महिन्यांत पात्रात उतरून पायाची मोजणी करावी. कमानींना जेथे भेगा असतील तेथे त्यांवर काचेची पट्टी चुन्याने चिकटवून शेजारी तारीख लिहावी. भेग वाढली तर काच तडकते आणि शाळकरी मुलालाही ते समजते. खांबावर ठळक रंगाने पाण्याच्या पातळीची रेघ मारावी, आणि पाणी त्या रेघेला टेकले की कोणाच्या फोनची वाट न पाहता दोन्ही बाजूंची फाटके लावण्याचा अधिकार गावातल्याच दोन नेमलेल्या माणसांना लेखी द्यावा. संबंधित खात्यांनी यांपैकी काय केले आणि काय राहिले, हे ३१ मेपूर्वी आपल्या वृत्तपत्रातून जाहीर करावे, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
महाड, जि. रायगड